तुटक्या खुर्च्यांचा अंगरखा

१

पापा मुलुम्बांच्या घरी दिवस खुर्च्यांच्या आवाजाने उजाडायचा. एकात एक रुतलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून सुट्या करताना जो चिकट, कुरकुरता आवाज होतो, तो ऐकतच कापिंगा आणि तिचा थोरला भाऊ बुकासा लहानाचे मोठे झाले. वस्तीत कोणाचं माणूस गेलं की पहिला निरोप नातलगांना जाई आणि दुसरा खुर्च्या भाड्याने देणाऱ्या पापा मुलुम्बांना. किन्शासातला दुखवटा घरात मावत नाही. तो गल्लीत उतरतो. ताडपत्री ताणायची, तिच्याखाली खुर्च्यांच्या रांगा लावायच्या, आणि मग माणसं येतात, बसतात, गातात, चहा पितात, पुन्हा बसतात. "मेलेल्याला काही लागत नाही," बुकासा म्हणायचा, "लागतं ते बसणाऱ्यांना. म्हणून तर आपली चूल पेटते."

बसून बसून खुर्च्या मोडायच्या. एखादी अंगाने भरलेली मावशी हंबरडा फोडत मागे रेलली की पाय फाकायचे, पाठ चिरायची. अशा खुर्च्या घरामागच्या पत्र्याच्या पडवीत फेकल्या जात. तो सगळा ढीग यंदा कापिंगाने मागून घेतला होता.

कला अकादमीतून बाहेर पडल्यापासून ती आणि तिचे सोबती दरवर्षी टाकलेल्या वस्तूंचे पोशाख करत आणि ते अंगावर चढवून भर दिवसा रस्त्याने चालत जात. त्यांच्यातल्या न्लांडूने मागच्या खेपेला जळक्या बल्बचा पोशाख केला होता. वीज नसलेल्या वस्त्यांमधून तो किणकिणत गेला तेव्हा लोक आधी हसले आणि मग शिव्या द्यायला लागले, त्याला नव्हे, वीज कंपनीला. कापिंगाला तेच हवं होतं. चित्र भिंतीवर टांगून काय होतं? ते अंगावर घालून लोकांच्या दारात जाऊन उभं राहायला हवं.

पूर्वेकडे लढाई चालली होती. तिथे माणसं मरत होती आणि इथे राजधानीत त्यांच्यासाठी कोणी बसत नव्हतं. रेडिओवर आकडा सांगायचे आणि लगेच फुटबॉलचा निकाल. कापिंगाच्या अंगाची लाही व्हायची. या खुर्च्यांवर लोक शेजाऱ्यांसाठी रडले होते. आता याच खुर्च्या ती अंगावर घालणार होती, ज्यांच्यासाठी कोणी बसलं नाही त्यांच्या नावाने.

घरात हे पटणं कठीण होतं, कारण बुकासा तिकडेच होता. मदतीचं धान्य नेणारा ट्रक तो चालवायचा. ज्या गावात तो शेवटचा होता ते गाव पडलं, आणि त्यानंतर कित्येक महिने त्याचा फोन नाही. आई, ममाँ ओदिया, रोज त्याचा नंबर लावायची. संपर्क होऊ शकत नाही असं सांगणाऱ्या बाईचं बोलणं ती शेवटपर्यंत ऐकायची, जणू एखाद्या दिवशी त्या बाईची चूक होईल. खबर नाही तोवर दुखवटा नाही. बसलं की माणूस मेला, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

२

पडवीत काम जोरात सुरू झालं. कोळशावर सळई तापवायची, खुर्चीच्या तुकड्याला भोकं पाडायची, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या त्यांतून ओवून तुकडे एकमेकांना बांधायचे. पाठीच्या जाळीदार भागांचं छातीपाठीचं कवच झालं. बसण्याच्या फळ्या कापून तिने मांड्यांवर खवल्यांसारख्या चढवल्या. मोडके पाय खांद्यांवरून वर उभे केले, शिंगांसारखे. पांढरा, निळा, उन्हाने विटलेला हिरवा. वितळलेल्या प्लास्टिकचा वास केसांत बसायचा. आई म्हणायची, "लांबूनच कळतं माझी लेक आली म्हणून, टायर जळाल्यासारखा वास येतो."

पाववालीचं आधी लक्षातच आलं नाही. डोक्यावर पावांचं घमेलं घेऊन ती रोज सकाळी गल्लीतून ओरडत जायची, असा खणखणीत आवाज की झोपलेलं कुत्रं उठायचं. त्या सकाळी कापिंगा तिची वाट पाहत होती, आणि ती आली कधी आणि गेली कधी ते कळलंच नाही. धावत जाऊन फाटक उघडलं तर पाववाली चार घरं पुढे गेलेली आणि तिथून तिचं ओरडणं सुरू झालेलं.

दुसऱ्या दिवशी कापिंगा फाटकाशीच उभी राहिली. पाववाली वळणावरून ओरडत आली. मुलुम्बांच्या भिंतीशी पोचताच तिचा आवाज खाली आला, पाय हळू झाले. कापिंगाने पाव घेतला. बाईने पुटपुटत पैसे घेतले आणि मान खाली घालून पुढे गेली. भिंत संपली तशी पुन्हा हाक सुरू.

घसा बसला असेल, कापिंगाने मनाशी म्हटलं. घसा बरोबर एका भिंतीपुरताच कसा बसतो, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. सळई तापली होती.

मग टोपीवाला दिसला, सायकलवरून जाणारा, ओळखीचाही नाही. फाटकासमोर आल्यावर त्याने टोपी काढली आणि पुढे गेल्यावर घातली. उकडत असेल. मग शाळेतून येणारी पोरं, जी फाटकावर दगड मारल्याशिवाय पुढे सरकत नसत, ती ओळीने, न बोलता गेली. कापिंगाने पडवीच्या फटीतून ते पाहिलं आणि तिच्या हातातली सळई भलत्याच ठिकाणी टेकली. छातीच्या तुकड्याला नको तिथे भोक पडलं.

३

समोरच्या घरातली ममाँ बोलुम्बू म्हणजे वस्तीचं वर्तमानपत्र. ती आली की आधी आवाज यायचा, मग हसणं, मग ती. त्या दुपारी ती आवाज न करता आली. हातात साखरेची पिशवी होती. तिने ती आईच्या पुढ्यात ठेवली, चटईच्या कडेला बसली आणि हात मांडीवर घेऊन गप्प राहिली.

दुखवट्याच्या घरी असंच येतात. साखर आणतात, किंवा चहा, किंवा साबण. काही बोलत नाहीत, बसतात.

आई कसाव्याचा पाला कुटत होती. मुसळ वर उचललेलं तिच्या हातात तसंच राहिलं.

"बोलुम्बू, काय ऐकलंस तू?" आईने विचारलं. "बुकासाचं काय ऐकलंस? सांग."

"काही नाही ऐकलं. देवाची शपथ." ममाँ बोलुम्बूने साखरेकडे असं पाहिलं, जणू ती तिथे दुसऱ्याच कोणी आणून ठेवली होती. "मी बाजारात निघाले होते. पायच वळले इकडे. वाटलं की बसून यावं."

"कोणासाठी?"

ममाँ बोलुम्बूला बोलायला शब्द सापडत नाही हे वस्तीने आजवर पाहिलं नव्हतं. ती कानकोंडी होऊन उठली आणि निघाली. साखर मात्र परत नेली नाही. आणलेली वस्तू परत नेणं तिलाही नको वाटलं असावं. आईने ती पिशवी काठीने ढकलत ढकलत फाटकाबाहेर नेली, हात न लावता.

संध्याकाळी कापिंगाने वडिलांना सगळं सांगितलं, हसत, कारण हसल्याशिवाय ते सांगता येईना. लोकांना ठाऊक आहे की मी दुखवट्याच्या खुर्च्यांचं काहीतरी करतेय, ती म्हणाली. बाया बोलतात, मनात कल्पना बसते आणि पाय वळतात. याला मानसशास्त्र म्हणतात, पापा.

पापा मुलुम्बांनी पडवीत जाऊन खुंटीवर लटकणारा अंगरखा पाहिला. बराच वेळ पाहिला. दुखवटा उठला की ते प्रत्येक खुर्ची आधी जमिनीवर पालथी घालत आणि मगच गाडीवर चढवत. पालथी न करता एकही खुर्ची त्या घरातून निघत नसे. का, ते कोणी विचारलं नव्हतं. धंद्याची रीत होती, खुर्चीत दुखवटा बसून राहू नये म्हणून असावी.

"ह्या मोडल्या तेव्हा पालथ्या केल्या होत्या का कोणी?"

"मोडक्या खुर्चीला पालथं काय आणि सुलटं काय, पापा? दोनच तर पाय उरलेत."

त्यांना हसू आलं नाही. ते म्हणाले, "तेच तर." आणि हात धुवायला गेले.

४

न्लांडू अंगरखा बघायला आला तो बोलतच आला. मिरवणुकीच्या दिवशी कापिंगाच्या पुढे चालून गर्दी हटवायचं काम त्याच्याकडे होतं. पोशाखाच्या आतून नीट दिसत नाही, म्हणून प्रत्येकाच्या पुढे एक सोबती असतो. त्याने रस्ता ठरवला होता, पोलीस चौकीसमोरून जायचं की नाही यावर वाद घालायला तो आला होता. खांद्यावरचे पाय बघून तो म्हणाला की कापिंगा यात शेळीसारखी दिसेल, आणि मोठ्या साहेबांच्या पंगतीला शेळीच लागते, तेव्हा...

वाक्य अर्धंच राहिलं. तो खाली बसला, मातीत, भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन.

"तेव्हा काय?" कापिंगा म्हणाली.

"काही नाही. थोडा वेळ बसतो."

ती काम करत राहिली. न्लांडूसारखा वटवट्या माणूस ट्यूबची पट्टी ओढण्याचा आवाज ऐकत निमूट बसला होता. मध्ये एकदा त्याने डोळे पुसले. धूर होता, कोळशाचा धूर होताच. पण तो जाताना तिच्याकडे ज्या नजरेने पाहून गेला, ती नजर कापिंगाने पुष्कळ ताडपत्र्यांखाली पाहिली होती. ती ओळखायला तिला मानसशास्त्र नको होतं.

फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीत दोन बाया बसल्या होत्या. नळाला पाणी येईल म्हणून, असं त्या म्हणाल्या. नळ गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होता.

५

मिरवणुकीच्या आदल्या दुपारी आई पडवीच्या दारात उभी राहिली. आत यायला ती तयार नव्हती.

"मी तुला कधी अडवलं नाही," ती म्हणाली. "अकादमीत जाते म्हणालीस, जा म्हटलं. कचरा गोळा करते म्हणालीस, कर म्हटलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि तू तर मनातलं अंगावर घालून गावभर फिरणार. बुकासाचा फोन येईपर्यंत थांब. एवढंच मागते."

"आणि नाही आला तर?"

बोलून गेल्यावर कापिंगाला आपली जीभ चावावीशी वाटली. पण थांबायचं कसं? सगळेच थांबले होते. सरकार थांबलं होतं, रेडिओ थांबला होता, ही वस्ती वाईट बातमीला घाबरून तोंड दाबून बसली होती, आणि त्या गप्प बसण्याच्या आड तिकडे माणसं उघड्यावर पुरली जात होती. तिने ते सगळं बोलून दाखवलं, आवाज चढवून. "मी त्याचा दुखवटा करत नाहीये ममाँ, ज्यांना आई उरली नाही त्यांचा करतेय. तो जिवंत आहे, मला ठाऊक आहे."

"तुला ठाऊक आहे," आई म्हणाली. "मग बाहेर बसलेत त्यांना जाऊन सांग."

बाहेर आता भिंतीच्या कडेने ओळ झाली होती. कापिंगा फाटकात गेली. तिने विचारलं, तुम्ही कोणाकडे आलात? एका म्हाताऱ्याने तिला बघून घाईने नजर खाली घेतली. ज्याची वाईट बातमी त्यालाच सांगायची नसते, तेव्हा घेतात तशी.

तो अंगरखा त्याच क्षणी कोळशावर टाकावा असं तिला वाटलं. ती पडवीत परत आली, सुरी घेतली, छातीवरच्या पट्टीखाली पातं घातलं. आणि मग तिला स्वतःचाच राग आला. शिकलेली मुलगी, आणि बायाबापड्यांच्या भीतीला भिते? तिने सुरी ठेवली. ठेवताना मागे कर्र असा आवाज झाला, एकात एक रुतलेली खुर्ची सुटावी तसा. खुंटीवरच्या अंगरख्याच्या मांडीवरच्या फळ्या पुढे वळल्या होत्या. टांगलेल्या वस्तूने गुडघे पुढे काढावेत तशा.

उन्हाने प्लास्टिक वाकतं. पत्रा तापला होता. तिने फळ्या सरळ केल्या, आणि हात धुऊन ती बाहेर उन्हात उभी राहिली, बराच वेळ.

६

सकाळी न्लांडूने तिला अंगरखा चढवला. पाठीवरच्या गाठी स्वतःच्या हाताने मारता येत नाहीत, त्यामुळे त्या त्याने मारल्या. डोक्यावर खुर्चीची पाठ आली आणि जग जाळीच्या फटींपुरतं उरलं. आत स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. ती हलली की सगळ्या खुर्च्या कुरकुरत, जणू एका ताडपत्रीखालची माणसं अवघडून जागा बदलत होती.

ती अंगणात आली तेव्हा आई ओरडत घरातून धावत आली. कापिंगाला वाटलं की आता भांडण. पण आईच्या हातात फोन होता आणि ती हसत होती, रडत होती, दोन्ही.

"बुकासा! कापिंगा, बुकासा! जिवंत आहे माझं लेकरू!"

पापा मुलुम्बा खुर्ची ठोकत होते ते हातोडी टाकून उठले. आईने फोन त्यांच्या कानाला लावला, मग पुन्हा आपल्या, मग जाळीतून कसाबसा कापिंगाच्या कानाशी नेला आणि तिच्या हातात दिला. "बोल तू, बोल! मी त्या बसलेल्यांना सांगून येते. म्हणावं उठा, साखर घेऊन घरी जा."

"कलाकार बाई," फोनमध्ये बुकासा म्हणाला. तोच आवाज, तीच खोडी. "किन्शासातला कचरा संपवलास की माझ्यासाठी ठेवलायस थोडा?"

कापिंगा हसली. किती घाबरलो आपण, किती मूर्खासारखे. त्याने भराभर सांगितलं. ट्रक गेला, तो जंगलातून चालत निघाला, आजारी पडला, एका गावात कोणीतरी ठेवून घेतलं. आता सरोवराकाठच्या एका लॉजमध्ये होता. बोट मिळाली की निघणार.

"सगळं ठीक आहे ना घरी?" मग त्याने विचारलं.

"ठीक म्हणजे? तू आहेस, आता काय हवं?"

"पापा?"

"इथेच आहेत."

"मग ठीक. इथे काहीतरी विचित्र चाललंय गं. काल दुपारपासून लॉजच्या अंगणात लोक येऊन बसलेत. मला वाटलं मालकाकडे कोणी गेलं. मालक म्हणतो, तुझ्याकडे आलेत. मी इथे कोणाला ओळखतही नाही. आत्ता एका म्हातारीने माझा हात धरला आणि म्हणाली, धीर धर पोरा. आता तू एकटाच उरलास."

७

जाळीच्या फटीतून कापिंगाला फाटक दिसत होतं. ते सताड उघडं होतं. बाहेर गल्ली भरलेली होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत, सगळे खाली बसलेले. आई त्यांच्यामध्ये उभी राहून हात हलवत सांगत होती की माझा मुलगा जिवंत आहे. लोक माना हलवत होते. ममाँ बोलुम्बूने आईचा हात धरला.

"माहीत आहे, ओदिया," ती म्हणाली. "देवाची कृपा. तो तरी आहे."

आईचा हात हवेतच राहिला.

"न्लांडू," कापिंगाने हाक मारली. "गाठी सोड. मला हे काढायचंय." न्लांडू तिच्या मागे नव्हता. तो पहिल्या रांगेत बसला होता, गुडघे जवळ घेऊन, तिच्याकडे पाहत. तिने हात मागे नेले. बोटं गाठींपर्यंत पोचेनात.

पापा मुलुम्बा तिच्या शेजारून गेले. त्यांच्या डोक्यावर खुर्च्यांची चळत होती. "लोक केव्हाचे मातीत बसलेत," ते म्हणाले, तिला की स्वतःला ते कळलं नाही. त्यांनी गल्लीत खुर्च्या सुट्या केल्या. कर्र, कर्र. हात सवयीने चालत होते. रांगा सरळ, मधून वाट. लोक उठून खुर्च्यांवर बसू लागले. कोणीतरी खालच्या आवाजात गाणं धरलं.

रांगांच्या समोर, गेलेल्याला जिथे ठेवतात, ती जागा ते आयुष्यभर मोकळी सोडत आले होते. तिथे त्यांनी दोन खुर्च्या नेऊन ठेवल्या, लोकांकडे तोंड करून. एका खुर्चीवर ते स्वतः बसले. दमल्यासारखे, काम झाल्यासारखे. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग गल्लीभर नजर फिरवली, आणि चुलीवर काहीतरी राहिल्याचं आठवून तो विचार सोडून द्यावा तशी ती दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसली.

"कापिंगा?" फोनमध्ये बुकासा म्हणत होता. "मला खुर्च्यांचा आवाज येतोय. कोणाकडे गेलेत पापा? कोण गेलं?"

दोन खुर्च्यांच्या मध्ये एका माणसापुरती जागा होती. आईने वाकून तिथली माती कमरेच्या कापडाच्या टोकाने झटकली आणि मायेने वर पाहिलं. तिसरी खुर्ची पापा मुलुम्बांनी आणली नव्हती. ती कापिंगाच्या अंगावर होती.